फेकलेली खिचडी

माझ्या साडीवरचा डाग आधी अध्यक्षांना दिसला. मला नंतर.

मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत चुलीपाशी उभी होती. हातात मोठा चाटू. चुलीवरच्या गंजात खिचडी शिजत आलेली. शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे शेतकरी, दोन-चार लोकांना घेऊन पाहणीला आले होते. दारातच थांबले. नाकाला रुमाल लावला.

"हेडमास्तर, हे बाई विटाळशी आहे. हिले चुलीपाशी कायले उभी केली?"

मी मागे हात लावून पाहिला. ओलं. हात लाल.

व्हरांड्यात पोरं ताटं घेऊन पंगतीत बसली होती. सगळ्यांनी माना वर केल्या. लहान पोरं, मोठ्या पोरी, मास्तर. माझ्या जोडीला स्वयंपाक करणारी यशोदा दोन पावलं मागं सरकली.

"फेका ते," अध्यक्ष म्हणाले. "पोरायले असं चारता का?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं पाहून म्हणाले, "बाई, नेऊन टाका."

यशोदानं हात लावला नाही. घमेल्यात भरभरून मीच नेली. शाळेमागं बोडी आहे, पावसाचं पाणी साठतं तिथं. तिच्या काठावर टाकली. चार खेपा. खिचडीतून वाफ निघत होती. कुत्री धावली. पोरं त्या दिवशी उपाशी घरी गेली.

आम्ही ढिवर. माझा माणूस तलावात मासे धरतो. सिहोऱ्याच्या बाजूचं आमचं गाव. माझ्या हातचं त्यांची पोरं खातात हे काहींना आधीपासूनच खुपत होतं. रक्तानं त्यांना कारण दिलं.

वय सत्तेचाळीस. दीड वर्षापासून शरीर माझं राहिलं नव्हतं. तीन-तीन महिने पाळी यायची नाही. आली की पंधरा दिवस हटायची नाही. गाठी पडायच्या. चुलीसमोर उभी असताना छातीतून आग उठायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, घाम गळायचा, मग एकदम थंडी. डाळीत मीठ दोनदा पडायचं. सुनेवर ओरडायची. मग मोरीत बसून रडायची, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. झोप नाही. माणसानं विचारलं, "तुले काय झालं वं? बाहेरचं लागलं का?" मग देवऋषाकडं नेलं. निंबू उतरवला, राख लावली. रक्त वाहतच राहिलं.

माझी आई याच वयात कोठ्यात गुरांपाशी बसून वाळत गेली. तिलाही बाहेरचं लागलं असंच म्हणायचे.

खिचडी टाकून झाली. साडी धुवायला म्हणून मी बोडीत उतरली. कमरेएवढ्या पाण्यात गेली. पाणी लाल झालं. आता वर यायचं नाही, असं मनात आलं. पाय गाळात रुतत होते. मी रुतू देत होती.

"मावशी."

काठावर सातवीतली एक पोरगी उभी होती. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाली, "मावशी, मले बी पाळी येते आता. मंग मी बी शाळेत नाही यायचं का?"

"येजो माय," मी म्हटलं. "रोज येजो."

ती गेली. तिला ये म्हणणारी मी स्वतः गाळात उभी होती. एक पाय उपसला. मग दुसरा. बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी एकटीच बसनं तुमसरला गेली, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "बाहेरचं काही नाही. पाळी जायच्या वयात असं होतं. पण इतकं रक्त जाणं बरं नाही. तुमच्या अंगात रक्तच उरलं नाही. अजून तपासण्या कराव्या लागतील."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. राग आला. आईला कोणी बसमध्ये बसवलंच नव्हतं.

शाळेत परत गेली तेव्हा कागद तयार होता. हेडमास्तरांनी वाचून दाखवला. 'तब्येत ठीक नसल्याने मी स्वखुशीने काम सोडत आहे.' समोर खुर्चीत अध्यक्ष बसले होते.

"सही कर. वय झालं तुयं. घरी बस आता."

तेवढ्यात ती आग उठली. कपाळावरून घाम निघाला, नाकावरून टपकायला लागला. एरवी तोंड लपवून पदरानं पुसला असता. पुसला नाही. तसाच गळू दिला.

"मायी पाळी जाऊन राहिली, भाऊ. मी नाही जाऊन राहिली."

अध्यक्षांनी तोंड फिरवलं. "लाज नाही वाटत का वं तुले?"

"वाटते. पोरं उपाशी बसले होते अन् तुमच्या सांगण्यावरून मी शिजलेलं अन्न फेकलं. त्याची वाटते."

कागद टेबलावरच राहिला. मी निघून आली.

काम राहील की जाईल, माहीत नाही. यशोदा अजून माझ्याजवळ बसत नाही. गोळ्यांनी रक्त कमी झालं, थांबलं नाही. आग रोज उठते. कधीकधी वाटतं, हे माझ्यानं झेपणार नाही. माणूस म्हणतो, माफी मागून टाक. मागणार नाही.

माझा विषय ग्रामसभेत घेणार आहेत. मी जाणार. सगळ्या गडीमाणसांसमोर उभी राहून 'पाळी' हा शब्द मोठ्यानं बोलणार. काढायचं असेल तर काढा, पण कागदावर खरं लिहा म्हणणार. 'हिच्या अंगातून रक्त जातं म्हणून हिला काढली.' अन् त्याच्याखाली त्यांनी सह्या कराव्या.

मी करणार नाही.