राणीचं दूध

कडावच्या बाजूला मधमाश्यांचं एक केंद्र होतं. तिथे मी रोजावर जायचे. चौथी शिकलेली, पण हात स्थिर. म्हणून साहेबांनी मला बारीक काम दिलं.

राणीमाशी काढून घेतली की माश्या घाबरून नव्या राण्यांसाठी लांबट घरं बांधतात. प्रत्येक घरात एक अळी आणि तिच्याभोवती पांढरं, घट्ट खाणं. आम्ही बाया त्याला राणीचं दूध म्हणायचो. काडीने अळी उचलून टाकायची आणि दूध बाटलीत भरायचं. बाटल्या पुण्याला जात. साहेब त्यावर संशोधन करत. एका पेटीतून दोनदा दूध काढायचं; दुसऱ्या खेपेला एक घर राखायचं, एवढाच नियम. तोवर पेटीत नवी राणी करायला कोवळी अळी उरलेली नसते. ते एक घर गेलं तर पेटी मेली.

त्या वर्षी सुनेला सातव्या महिन्यात मुलगी झाली. मुठीएवढी. याच दुधाने साध्या अळीची राणी होते, हे मी रोज बघत होते. राखलेलं घर मी फोडलं आणि दूध पानात बांधून घरी आणलं.

"आत्या, काय चाटवताय?" सुनेने विचारलं.

"मध हाय गं."

"मधाला असा आंबूस वास? बघा, कशी तोंड वाकडं करते."

"तुझ्यावर गेलीय."

दुसऱ्या दिवशी पेटीला कान लावला. माश्यांची नेहमीची गुणगुण नव्हती. आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हतं, तसा आवाज. महिनाभर तो रोज ऐकला. मग थांबला. मेलेल्या माश्या मी सुपाने भरून बांधावर टाकल्या आणि साहेबांना म्हटलं, उडून गेल्या. सातेरी जातीच्या माश्या अशा पेटी सोडून जातातच. त्यांनी वहीत तसं लिहिलं.

नात चौथीत असताना साहेब घरी आले. म्हणाले, "मावशी, त्या दुधातली प्रथिनं आता जंतूंकडून करून घेता येतील का, ते बघतोय. म्हणजे अळ्या टाकायला नकोत. जुन्या वह्या चाळत होतो. तुमची ती पेटी. चौकटीत मध भरलेला होता, तो सोडून माश्या का गेल्या?"

इतकी वर्षं त्यांना ते खुपत होतं.

"गेल्या नाय, साहेब. मी मारल्या." ओसरीवर नात पाढे लिहीत बसली होती. तिच्याकडे बोट केलं. "हिच्यासाठी."

ते तिच्याकडे बघत राहिले. "उपयोग झाला?"

"नाय. आईच्या दुधाने आणि गरम पाण्याच्या बाटलीने वाचली. तशीही वाचली असती."

त्यांनी चहा अर्धाच घेतला.

ते गेल्यावर नात म्हणाली, "आजी, मी काय केलं गं?"

"काय नाय. तू झोपली होतीस."

ती परत पाढ्यांना बसली. तोंड मिटून गुणगुणत पाठ करायची तिची सवय.

"मोठ्याने म्हण," मी ओरडले, "नायतर गप बस."