भीतीची पट्टी

ओटमार हेनेके हा फरशीवाला. जर्मनीतल्या झाउअरलांडच्या डोंगरांत, काळ्या दगडी पाट्यांची छपरं असलेल्या एका छोट्या गावात त्याचं दुकान होतं, आणि गावातल्या निम्म्या न्हाणीघरांच्या भिंती त्याच्या हातच्या होत्या. नवी फरशी बोटाने वाजवून तिच्याखाली पोकळ कुठे राहिलंय ते तो डोळे मिटून सांगायचा. दुसऱ्याच्या कामातलं पोकळ त्याला लगेच ऐकू यायचं. स्वतःला वाजवून बघायची वेळ मात्र त्रेपन्न वर्षांत आली नव्हती, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

माणूस सरळ. शनिवारी दारापुढचा रस्ता झाडायचा, रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या टाकायचा, बायकोशी, म्हणजे अन्नेग्रेटशी, भांडायचं झालं तर आधी खिडक्या लावून घ्यायचा. एकुलती एक मुलगी मारेन चोवीस वर्षांची. ती घरांवर छपरं घालायचं काम करायची आणि अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवरची एक मोटरसायकल चालवायची. तिचा बाप त्या गाडीला ‘शिवणयंत्र’ म्हणायचा.

पन्नाशीनंतर कुणाला साखर होते, कुणाला रक्तदाब. ओटमारला मोटरसायकल झाली. तीही साधीसुधी नव्हे, दोनशे आठ हॉर्सपॉवरची. जिच्यावर बसून शर्यती जिंकतात, तिचीच सख्खी बहीण, फक्त नंबरप्लेट लावलेली.

लायसन्सचा प्रश्नच नव्हता. अठराव्या वर्षी काढलेला मळका कागद त्याच्या पाकिटात होता. त्या काळी तो सत्तावीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर दोन उन्हाळे हिंडला, मग लग्न झालं, दुकान झालं, गाडी विकली. पण कागद तोच, आणि कागदाच्या मते ओटमार पस्तीस वर्षांचा मुरलेला गडी होता. गंज माणसाला चढतो, कागदाला नाही, आणि कचेऱ्या कागद बघतात.

गावात मोटरसायकली विकायची ती गुडुला. साठी उलटलेली बाई, दंड लोहाराचे आणि जीभ त्याहून जड. तिचा एक नियम होता. मोठी गाडी हवी असेल त्याने आधी तिच्या अंगणात, बिअरचे दोन रिकामे क्रेट ठेवलेले असत त्यांच्याभोवती, मध्यम ताकदीच्या गाडीवरून इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवायचा. तोही चालत्या माणसाच्या वेगाने आणि पाय जमिनीला न लावता.

“हे कशाला?” ओटमार म्हणाला. “पस्तीस वर्षं लायसन्स आहे माझ्याकडे.”

“माझ्या आजीकडे साठ वर्षं पियानो होता,” गुडुला म्हणाली. “काकडीच्या लोणच्याच्या बरण्या ठेवायची त्याच्यावर.”

“अगं, हळू काय कुणीही चालवेल! मजा वेगात असते.”

“वेगात गाढवही सरळ जातं. हळू चालवून दाखव.”

ओटमारने तीनदा प्रयत्न केला, तीनदा पाय टेकला आणि तिसऱ्या वेळी एक क्रेट उडवला. नशीब, तो रिकामा होता. भरलेला असता तर गावाने माफ केलं नसतं.

“असं कर,” गुडुला क्रेट उचलत म्हणाली. “दोन उन्हाळे सत्तर हॉर्सपॉवरची चालव. पावसात चालव, चिखलात चालव. मग ये. मी स्वतः तुझ्या हातात चावी देईन.”

“दोन उन्हाळे! म्हणजे मी पंचावन्नचा होईन.”

“नाही चालवलीस तरी होशील,” ती म्हणाली. “होऊ दिलंस तर.”

असल्या बाईशी कोण बोलणार! ओटमार तडक डॉर्टमुंडला गेला. तिथल्या विक्रेत्याने आठचा आकडा काढायला लावला नाही. त्याने फक्त रंग विचारला आणि सही घेतली. वर कॉफीही पाजली. गाडीबरोबर ओटमारने लाल-पांढरा चामडी पोशाखही घेतला, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पोटाला जरा जाच करणारा. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर प्लास्टिकच्या जाड चकत्या होत्या. वळणावर गाडी इतकी आडवी होते की गुडघा रस्त्याला घासतो, तेव्हा चामडं फाटू नये म्हणून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं आपण नुसतं म्हणतो. ओटमारने पैसे मोजून बांधून घेतलं.

अन्नेग्रेटने त्याला त्या वेषात दारात पाहिलं आणि एवढंच विचारलं, “ह्याच्यात खाली वाकता येतं का?”

“वाकायचंच असतं. टाकीवर पालथं पडायचं.”

“पडायचं ते कळलं,” ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी तळ्याकाठच्या टपरीवर मोटरसायकलवाले जमतात. कॉफी, तळलेले बटाटे, रश्श्यातलं सॉसेज आणि दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवणं असा कार्यक्रम. या मंडळींचा म्होरक्या व्होल्फ्राम. तो एरवी नगरपालिकेत बांधकामाचे नकाशे तपासायचा आणि रविवारी टायर तपासायचा. इथे कुणी आलं की त्याला आधी नमस्कार करत नाहीत. आधी त्याच्या गाडीमागे जाऊन वाकतात आणि मागचं टायर बघतात.

त्यात बघायचं काय, तर भीती. गाडी सरळ चालली की टायर मधोमध झिजतं, वळणावर आडवी झाली की कडेला. जो घाबरून आडवी करत नाही, त्याच्या टायरच्या दोन्ही कडांना कोऱ्या रबराची पट्टी तशीच राहते. जर्मनमध्ये तिला सरळ ‘भीतीची पट्टी’ असंच म्हणतात. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगेल, पट्टी खोटं बोलत नाही, अशी या लोकांची श्रद्धा. चर्चमध्ये जात नाहीत ते, पण ह्यावर विश्वास ठेवतात.

ओटमारची पट्टी दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं रुंद होती. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केसही तिच्यावर शाबूत होते. जावळच काढलं नव्हतं म्हणा ना!

“ओटमार,” व्होल्फ्राम वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, “अरे, दोनशे आठ घोडे आणलेस आणि सगळे तबेल्यातच बांधून ठेवलेस?”

अकरा माणसं हसली. तेवढ्यात गुडुला आपल्या पंचवीस वर्षं जुन्या, पन्नास हॉर्सपॉवरच्या खटाऱ्यावरून आली. तिचं टायर कडेपर्यंत एकसारखं झिजलेलं होतं. तिच्या मागे कुणी वाकलं नाही, गरजच नव्हती. ओटमारने अर्धं सॉसेज तसंच टाकलं आणि घरी गेला. त्याला अतिशय लाज वाटली होती, आणि लाज वाटलेला कारागीर हत्याराकडे जातो.

पुढच्या शनिवारी दुपारी तो तळघरात उतरला. शनिवारीच, कारण रविवारी यंत्राचा आवाज केला तर शेजारी पोलिसांना बोलावतात, आणि ओटमार कायद्याने वागणारा माणूस होता. मागचं चाक अधांतरी उचललं, पट्ट्याचं घासयंत्र लावलं आणि ऐंशी नंबरच्या पॉलिश कागदाने दोन तास आपली भीती घासून काढली. काम सुबक झालं. रबराच्या वासाने घर भरलं.

“काय जाळतोयस?” अन्नेग्रेट जिन्यावरून ओरडली.

“काही नाही गं. दुरुस्ती.”

पुढचं टायर त्याने तसंच ठेवलं. पुढचं कोण बघतंय! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही असं म्हणतात. धैर्याचंही येतं, फक्त एक घासयंत्र लागतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मारेन जाकीट घालून तयार उभी.

“पप्पा, मीपण येते.”

“शिवणयंत्र घेऊन? आम्ही काय टाके घालायला चाललोय का?”

“असू दे. मागे राहीन मी.”

टपरीवर व्होल्फ्राम वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्याने शीळ घातली.

“आठ दिवसांत? कुठे गेला होतास रे?”

“श्वार्झवाल्डच्या घाटांत,” ओटमार म्हणाला. “एकटाच. जरा हात मोकळा करायला.” बोलताना त्याला आपल्या आवाजाचंच कौतुक वाटलं.

आता या मंडळींची निघण्याची एक रीत आहे. सगळ्यात कच्चा गडी म्होरक्याच्या लगेच मागे, म्हणजे दोन नंबरला. म्होरक्या त्याला आरशात बघतो आणि त्याला झेपेल तेवढ्याच वेगाने सगळा घोळका नेतो. जो सगळ्यात मुरलेला, तो शेवटी. त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, तो गाठतोच.

“मागच्या रविवारी पळून गेलास, नाहीतर दोन नंबरला घेणार होतो तुला,” व्होल्फ्राम म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. “पण असलं टायर दोनला नेणं म्हणजे अपमान. तू शेवटी. आणि पोरगी माझ्या मागे, दोन नंबर.”

“मी पप्पाच्या मागे,” मारेन म्हणाली.

“शेवटच्याच्याही मागे? नवी मुलं माझ्या मागे असतात, बाळा.”

“मी त्याच्याच मागे.”

व्होल्फ्रामने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा टायरकडे. “बरं बाई. अशा टायरवाल्या बापाकडून चार गोष्टी शिकशील.”

नवखा माणूस पुढच्याची चाकोरी धरतो, त्याच्याच वेगाने वळणात शिरतो, हे ओटमारलाही ठाऊक होतं. त्याची पोर त्याच्या मागे येणार होती, आणि तिला वाटणार होतं, पुढच्याला येतंय. एक वाक्य पुरेसं होतं. ‘ते मी घासलंय.’ चार सेकंदांचं काम. त्याने मारेनकडे पाहिलं, मग त्या अकरा माणसांकडे पाहिलं, आणि हेल्मेटची काच खाली ओढली. गावातला सरळ माणूस तो, आणि त्या चार सेकंदांत तो अगदी हलका वागला.

घोडामैदान जवळच होतं. पहिल्या तीन वळणांतच घोळका दिसेनासा झाला. सरळ रस्त्यावर ओटमारने मनगट पिळलं की गाडी डोळ्यांत पाणी आणून पुढे जायची. त्याला अक्कल लागत नाही, मनगट असलं की झालं. वळण आलं की तो ब्रेक दाबायचा, आखडायचा, भुईला खिळल्यासारखा उभ्याउभ्याच वळायचा, आणि हरवलेलं अंतर पुढच्या सरळ रस्त्यावर दुप्पट मनगटाने वसूल करायचा. आरशात मारेनचा दिवा होता. तेवढाच, तेवढ्याच अंतरावर.

‘हळू ये गं,’ तो हेल्मेटमध्ये पुटपुटला. स्वतः हळू जायचं मात्र त्याला सुचलं नाही.

जंगल संपतं तिथे एक डावं वळण आहे, आधी सैल वाटणारं आणि मध्यावर आवळत जाणारं. गुडुलाने त्याला सांगितलं असतं की अशा वेळी जिथे जायचंय तिकडे बघ, कारण गाडी नजरेमागे जाते. दोन उन्हाळ्यांत ती अंगवळणी पडणारी गोष्ट. ओटमारने जिथे जायचं नव्हतं तिकडे पाहिलं, कुरणाच्या लाकडी फाटकाकडे. गाडी आज्ञाधारक. दोनशे आठ घोडे, धनी आणि त्याचं बाशिंग, सगळं फाटक फोडून कुरणात गेलं.

फाटक फुटण्याच्या क्षणी त्याच्या मनात गाडी नव्हती, हाडं नव्हती, अकरा माणसं नव्हती. मारेन माझ्या मागे आहे, एवढंच होतं. तो काचेआड जिवाच्या आकांताने ओरडला, “येऊ नको! मारेन, येऊ नको!” आणि मग सगळं उलटं झालं.

शेतकऱ्याने आदल्या दिवशीच कुरणावर शेणकाला फवारला होता. जमीन त्यामुळे मऊ होती. ओटमार वीसेक हात घसरत गेला आणि उताणा थांबला. खांद्याचं हाड मोडलं होतं, हे त्याला कळलं. शिवणयंत्राचा आवाज मात्र येत नव्हता. तो एका हातावर उठायला लागला, पडला, परत उठायला लागला.

“हलू नकोस,” मारेन म्हणाली. ती चालत आली होती. गाडी तिने वळणाच्या आधीच कडेला घेतली होती, मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून दिवे लुकलुकत ठेवले होते, आणि फोनवरचं बोलणंही संपवलं होतं.

ओटमार रडायला लागला. चांगला मोठ्याने, शेणकाल्यात पडून, लाल-पांढऱ्या पोशाखात.

“माझ्या मागे आली असतीस तर... मारेन, ते टायर... ते मी...”

“घासलंस. ऐंशी नंबरने. माहितेय.”

“कसं?”

“पप्पा, मी छपरं घालते. यंत्राने घासलेलं आणि झिजलेलं मला कळतं. आणि मागचं कडेपर्यंत गेलं, पुढचं कोरं. पुढचं चाक काय खिशात घालून फिरत होतास?”

“मग बोलली का नाहीस?”

“काल मम्मीने विचारलं, तर दुरुस्ती म्हणालास. मी बोलले असते तर काय म्हणाला असतास?”

त्याने विचार केला. काय म्हणाला असता ते त्याला शब्दनशब्द ठाऊक होतं.

“मग आलीस कशाला? शिकायला नाही, काही नाही...”

“कुणीतरी मागे हवं होतं ना.” तिने त्याच्या पोशाखाची गळ्याजवळची चेन हलकेच खाली ओढली, त्याला श्वास घेता यावा म्हणून. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढलं आणि रुग्णवाहिका येईल तिकडे बघत हातात धरून ठेवलं. ते ओटमारच्या आरोग्यविम्याचं कार्ड होतं. त्याच्या पाकिटात असायचं ते.

“हे तुझ्याकडे कसं?”

“सकाळी निघताना मम्मीने दिलं,” मारेन म्हणाली.