माकडाशेजारी चिकटवलेलं चित्र

“त्याला तोंड नाही ना, म्हणून तुम्हाला त्याची दया येत नाही!” आमचे मामा हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत सांडपाणी साफ करायचा प्लांट आम्ही दोघं सांभाळायचो.

घाण खाऊन पाणी साफ करणारे बारीक जीव तिथल्या टाकीत असतात. चामटोलीहून, आपल्या गावाहून आल्याआल्या, चहाच्याही आधी, मामा टाकीतला एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरायचे. “बघ, पोरं कामाला लागलीत!” तुम्ही त्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

पर्यावरण दिनाला ऑफिसने दारात सिंहपुच्छ माकडाचं पोस्टर लावलं. काळं तोंड, भोवती पांढरी आयाळ. जंगलात थोडीच उरलीत म्हणे. सगळ्यांनी सेल्फी काढले. मामांनी शेजारी स्वतः काढलेलं चित्र चिकटवलं. समुद्रात तरंगणारं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एक प्लवक, डायटम. गोल, नक्षीदार. रिसेप्शनवरची मॅडम म्हणाली, “मामा, रांगोळी छान आहे हां!”

झालं! अख्ख्या कॅन्टीनला ऐकावं लागलं. “माकडं संपतायत, वाईटच आहे रे. पण त्यांच्यासाठी रडायला माणसं तरी आहेत. जगातला निम्मा प्राणवायू समुद्रातले हे बारके बनवतात. आपलं पाणी नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत, मग कुठे जातं? ह्यांच्याच घरात ना?” आम्ही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग एका सकाळी मायक्रोस्कोपच्या काचेवर काहीच हललं नाही. कुठल्यातरी शिफ्टने जहाल माल सोडला होता, टाकीतले जीव गपगार. मामांनी पाणी बाहेर नाल्यात सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि समोर स्टूल टाकून बसले. टाकी भरत आली, प्रॉडक्शन थांबायची वेळ आली, तसे साहेब खाली उतरले.

“मामा, व्हॉल्व्ह खोला, नाहीतर घरी जा.”

“टाकी पुन्हा जिवंत होऊ दे साहेब. आज हे पाणी सोडलं तर पाप लागेल.”

“मग जा घरी.”

रिटायर व्हायला वर्ष बाकी होतं. मामा डबा उचलून गेटबाहेर गेले. भांडलेसुद्धा नाहीत.

पुढे बदलापूरच्या बाजारात भेटले. तब्येत पार उतरली होती. एवढंच विचारलं, “त्या दिवशी व्हॉल्व्ह कोणी खोलला रे?”

“साहेबांनी,” मी म्हणालो.

“वाटलंच. तू नसशीलच.” आणि शेतातली चार वांगी माझ्या पिशवीत कोंबली.

गेल्या थंडीत मामा गेले. चामटोलीत त्यांना पोचवायला गेलो तेव्हा मान वर करता येईना. व्हॉल्व्ह मीच खोलला होता. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी दोन्ही हातांनी चाक फिरवलं.