अब्रा स्टेशनवर न आलेली मैत्रीण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीटसं माहीत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही बर दुबईत राहायचो, माझी नोकरी जबल अलीला. घरी कॉम्प्युटर आला आणि माझी बारा वर्षांची लेक मुग्धा चॅटरूममध्ये रमली. मी तिला समोर बसवून नियम सांगितले — खरं नाव सांगायचं नाही, शाळा सांगायची नाही, कुणी भेटूया म्हणालं तर आधी आईला सांगायचं. "ओके आई, आय गॉट इट," ती म्हणाली.

पण खरंच कळलं होतं का? कसं तपासायचं? एका दुपारी ऑफिसातून मी खोटं नाव घेतलं — सारा, वय तेरा, राहणार शारजा. मुग्धाचं चॅटमधलं टोपणनाव मला ठाऊक होतं; तिला तिथे गाठलं. नाव विचारलं, शाळा विचारली. तिने काहीएक सांगितलं नाही.

खलास. तिथेच थांबायला हवं होतं, नाही का?

नाही थांबले. कारण सारापाशी ती बोलायची — आणि काय काय बोलायची! घोडे हुबेहूब काढता येतात पण त्यांचे गुडघे जमत नाहीत. मेल्यावर माणूस मराठीत विचार करतो की इंग्लिशमध्ये? माझ्याशी ती 'हो', 'नाही', 'जेवले' एवढंच बोले. कोण होती ही मुलगी? रोज थोडं आणखी जाणून घ्यावंसं वाटे. तीन महिने हे चाललं.

मग तिनेच लिहिलं — भेटूया? मी, म्हणजे सारा, हो म्हणाले. अब्रा स्टेशनवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्यांच्या धक्क्यावर, शुक्रवारी. का म्हणाले? ती मला सांगते की लपवते, हे बघायचं होतं. बस, एवढंच.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तर ती दारातच उभी. "आई, आय हॅव अ फ्रेंड ऑनलाइन. आय वाँट टू मीट हर. पण तू पण यायचंस. दॅट्स द रूल, ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं तर काम होतं.

शुक्रवारी आम्ही दोघी गेलो. तिने सारासाठी चित्र काढून आणलं होतं. खाडीपलीकडून अब्रा येत होत्या, माणसं उतरत होती, आणि मुग्धा टाचा उंचावून प्रत्येक मुलीकडे बघत होती. मीही बघत होते — हो, मीसुद्धा मान वळवून शोधत होते. सव्वा तास. शेवटी म्हणाले, "बघितलंस? नेटवरची माणसं ही अशी असतात." तिने मान हलवली. रडली नाही.

साराने पुन्हा कधी लिहिलं नाही. मुग्धाने चॅटरूम सोडली. आणि साराला विचारलेल्या प्रश्नांतला एकही प्रश्न तिने मला कधी विचारला नाही.

आता ती स्वतः आई आहे. परवा लेकीच्या हातात टॅब देताना तिने हीच गोष्ट सांगितली. "आजी माझ्यासोबत आली होती, म्हणून मी सेफ होते. तुलाही कुणी भेटूया म्हणालं, तर आधी मला सांगायचं."

नात माझ्याकडे वळली. "आजी, हू वॉज शी, रिअली?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले. सहज म्हणाले. विचारही करावा लागला नाही.