सरकीची खोली

अंबडला वामनराव एका वकिलांकडे कारकून होते. द्वारकाबाई त्यांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी कपाळाचं कुंकू गेलं, तेव्हा भावानं बैलगाडीतून माहेरी आणलं, त्या तिथंच राहिल्या. स्वयंपाक, धुणं, भाचरांचं न्हाऊमाखू सगळं त्यांच्याकडं. घरात कोर्टाच्या तारखेला आलेले गावाकडचे लोक सतत मुक्कामाला असत. त्यामुळं द्वारकाबाईंचं अंथरूण कुठं पडणार हे त्या दिवशी पाहुणे किती त्यावर ठरायचं. कधी चुलीजवळ, कधी माजघरात, उन्हाळ्यात तुळशीपाशी. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखं यात काही आहे असं त्यांना वाटतच नसे.

भाचरांचा अभ्यास घेता घेता त्यांना मराठी वाचता आलं, आणि सरकारी शाळेत, म्हणजे मदरशात, शिकवलेलं उर्दू पोरं घोकत त्यावरून तेही जमू लागलं. मुलींच्या शाळेतल्या दुर्गाबाई एकदा हळदीकुंकवाला आल्या होत्या. द्वारकाबाई आतल्या दारात बसून धाकट्या भाचीला उर्दूचा धडा समजावून देत होत्या. दुर्गाबाईंनी वाण बाजूला ठेवलं आणि ऐकत राहिल्या. जाताना वामनरावांना म्हणाल्या, "हिला मिडलचं इम्तिहान देऊ द्या. जालन्याला शिकवायला बाया मिळून न्हाई राह्यल्या."

वामनरावांनी पुष्कळ दिवस विचार केला आणि परीक्षेला हो म्हणाले. पुस्तकंही आणून दिली. पण अभ्यास करायचा कुठं? ओसरीवर पक्षकार, आत पोरं. पुस्तक उघडलं की कुणीतरी ताक मागायचं.

एका सकाळी भाऊ जेवायला बसले असताना द्वारकाबाई म्हणाल्या, "दादा, मागच्या अंगणातली सरकीची खोली मला द्याल का?"

या घरात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं ते पहिल्यांदाच. वामनरावांचा घास हातातच राहिला. उषावहिनी मात्र लगेच म्हणाल्या, "मंग म्हशीची सरकी कुठं ठेवू वन्सं? माझ्या उशाशी?"

"गोठ्यात माळा आहे की. मी नेते उचलून."

"न्या. पण खर्चा बिलकुल व्हायला नको, सांगून ठेवते."

सरकीची पोती हलवली तेव्हा खाली उंदरांची बिळं निघाली, कोपऱ्यात विंचू निघाला. भिंतींना तेलकट, कुबट वास होता. द्वारकाबाईंनी पदर खोचला. बिळांत फुटकी खापरं आणि चिखल ठेचून भरला, लिंबाच्या पाल्याची धुरी दिली, भुई सारवली. नदीच्या कडेची पांढरी माती टोपलीनं आणून भिंती पोतारल्या, खाली हातभर उंचीपर्यंत गेरूचा पट्टा ओढला. वास दोन-तीन वेळा धुरी दिल्यावर गेला. पूर्ण नाही गेला, पण इतका आपला झाला की पुढं त्यांना त्याची आठवण यायची.

फाल्गुन लागला होता. पळसाखाली फुलांचा सडा पडलेला. ती फुलं ओटीत आणून त्यांनी उकळली, तुरटी टाकली, आणि भावाची विरलेली दोन धोतरं त्या पाण्यात बुडवली. वाळवल्यावर जो केशरी रंग आला तो पाहून त्या स्वतःच थोड्या दचकल्या. मग दारावर एक पडदा लावला, झरोक्यावर एक. उन्हं आली की पांढरी भिंत पिवळी व्हायची.

घासलेटच्या डब्यांचं लाकडी खोकं उपडं केलं, त्याचं लिहायचं मेज झालं. पोत्याच्या बारदानाला जुन्या लुगड्याचे काठ शिवून बसकर केलं. बद्रीनाथ मारवाड्याच्या दुकानात गिरणीचे तागे येत, त्यांवर रंगीत चित्रं चिकटवलेली असत. कशावर मोर, कशावर हत्ती, एकावर शिडाचं गलबत. दुकानात ती चित्रं फाडून टाकत. द्वारकाबाईंनी भाच्याकरवी मागवली तर बद्रीनाथनं पुडकं भरून पाठवली. कणकेची खळ करून त्यांनी ती मेजावरच्या भिंतीला लावली. गलबत मधोमध. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण हिशेबाचं गणित अडलं की त्या गलबताकडं बघत बसत.

आणि गोठ्यात मोडून पडलेली एक बाज होती. तिचा पाय सुताराकडून बसवून घेतला, अंबाडीची दोरी स्वतः वळली, स्वतः विणली. या घरात विधवेनं भुईवर निजायचं हा रिवाज होता. बाज खोलीत ठेवली तेव्हा उषावहिनी दारात येऊन बघून गेल्या. 

बोलले ते काकासाहेब. वामनरावांचे चुलते, धावडा गावची घरची शेती पाहणारे. बांधाच्या दाव्याच्या तारखेसाठी आदल्या दिवशी आले, मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेले, आणि पडदा बाजूला सारून आत डोकावले.

"ही बाज कुणाची?"

"माझी, काका." द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

"तुझी? तू बाजेवर निजतीस?"

"खाली विंचू निघतात. आन् मला इम्तिहान द्यायचंय."

"आन् हे असले रंग? लग्नघर हाय का हे?"

द्वारकाबाईंचे कान तापले. एवढ्यात मागून उषावहिनींचा आवाज आला. त्या घागर घेऊन उभ्या होत्या.

"मीच ठेवायला लावली बाज. वन्संना विंचू चावला तर घरातलं कोण करीन, मी एकटी?"

हे साफ खोटं होतं. द्वारकाबाई वहिनींकडं बघतच राहिल्या. काकासाहेब "हं" म्हणाले, आणि पाय न धुताच ओसरीवर गेले.

त्या दिवशी पाहुणे इतके होते की काकासाहेबांना जागा उरली नाही. उषावहिनींनी त्यांचं अंथरूण सरकीच्या खोलीतच, त्या बाजेवर घातलं. द्वारकाबाई चुलीपाशी निजल्या. आता सगळं बाहेर काढायला लावतील या धास्तीनं त्यांचा डोळा लागला नाही.

सकाळी चहा घेऊन गेल्या तर काकासाहेबांनी बाज आडवी केली होती. पायाकडची दोरी सोडून ते ती पुन्हा ओढत होते.

"मधी झोळ पडलाय," मान वर न करता ते म्हणाले. "विणली चांगली, पण ताणली न्हाईस. पाठ मोडंल अशानं. ठेव तो चहा, इकडं ये. लाकडावर पाय दे आन् ओढ."

दोघांनी मिळून दोरी ओढली. काकासाहेबांनी गाठ मारली, हातानं थापटून पाहिली. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "ते जहाज चांगलं हाय." चहा प्यायले आणि कोर्टाला गेले. बाजेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या तारखेला येताना शेतातला कापूस मात्र आणला. गादीला म्हणून दिला, पण द्वारकाबाईंच्या हातात न देता उषावहिनींच्या हातात दिला.

पहिल्या खेपेला द्वारकाबाई हिशेबात नापास झाल्या. दोन दिवस खोलीतून बाहेर आल्या नाहीत. वहिनी ताट पडद्याबाहेर ठेवून जात. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडलं. दुसऱ्या खेपेला पास झाल्या आणि जालन्याच्या मुलींच्या शाळेत लागल्या.

जाताना त्यांनी पडदे काढायला घेतले तर उषावहिनी म्हणाल्या, "राहू द्या ना वन्सं. सरकी काय, गोठ्यात बराबर राहतीय आता." पुढं वामनरावांकडून कळलं की दुपारचं जेवण उरकलं की वहिनी त्या खोलीत जाऊन निजतात, आणि कुणी हाका मारल्या तरी ओ देत नाहीत.

जालन्यात द्वारकाबाईंना शाळेजवळ भाड्याची खोली मिळाली. तिला रस्त्याकडं चांगली मोठी खिडकी होती, त्यातून जिनिंगच्या कारखान्याकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दिसत. शेजारच्या झुंबरबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, एकटीला करमतं का हो?"

द्वारकाबाई खिडकीच्या चौकटीला रंग देत होत्या. "बसा ना," त्या म्हणाल्या. "हा एवढा कोपरा झाला की सांगते."