शूटिंगसाठी अखंड जाळं

महासागराच्या रक्षणाची लढाई नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून लढली जात आहे, असं बॅनरवर लिहिलं होतं. त्याच बॅनरखाली आमचा ऑपरेटर सोपान कन्व्हेयरवर आडवा पडला होता. जाळ्याचा एक फास त्याच्या घोट्याभोवती होता, दुसरं टोक मशीनच्या पोटात.

मी तिथे मेंटेनन्स बघतो. मासेमारीची टाकाऊ जाळी कोकणातून टेम्पोने आमच्याकडे येतात. श्रेडरच्या फिरत्या पात्यांत त्यांचे तुकडे होतात, ते वितळवून प्लास्टिकचे दाणे करतात. वादळात तुटलेलं किंवा बोटीवरून फेकलेलं जाळं समुद्रात गेलं तरी त्याचं काम थांबत नाही. ते मासे धरतच राहतं, फक्त काढायला कोणी येत नाही. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. अडकलं की ते धडपडतं आणि फास आणखी आवळतो. गठ्ठे सोडताना खेकड्यांची कवचं सापडतात, कधी हाडं.

जाळं आधी सुरीने हातभर तुकड्यांत कापायचं, हा आमचा नियम. लांब जाळं पात्यांवर गुंडाळलं की मागचं सगळं ओढून नेतं.

त्या दिवशी आमचे दाणे घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या जाहिरात-फिल्मचं शूटिंग होतं.

"तुकडे चिंध्यांसारखे दिसतात," शूटिंगच्या मॅडम म्हणाल्या. "अखंड जाळं जाऊ द्या ना."

"शेठ, हे धोक्याचं आहे," मी मालकांना म्हणालो.

"एकदाच घालायचंय हो. आणि ती सुरी उचला तिथून, खाटकाचं दुकान वाटतंय," शेठ म्हणाले.

जाळ्याचं टोक पात्यांनी धरलं आणि जमिनीवरचा ढीग सरसरत निघाला. सोपानचा पाय त्यात अडकला आणि तो कन्व्हेयरवर ओढला गेला. मी लाल बटण दाबलं, पण पात्यांचा जड रोटर जागच्या जागी थांबत नसतो. थांबला तेव्हा सोपानचा बूट पात्यांपासून वीतभर लांब होता.

दोघा कामगारांनी त्याला काखेत धरून मागे खेचलं.

"वढू नका ओ! आवळतंय! पाय जाईल माझा!"

ओढाओढीत बूट निघाला होता आणि पाऊल निळं पडायला लागलं होतं.

"मशीन उलटं फिरवा!" शेठ ओरडले.

"पाय कुठे ओढला जाईल सांगता येत नाही. सुरी कुठंय?" मी विचारलं.

ती शेठच्याच केबिनमध्ये होती, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छांमागे. शेठना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तोवर मी मेन स्विच बंद केला. मग मशीनकडची बाजू कापली, ताण गेल्यावर फास. सोपानने बोटं हलवून बघितली. पाचही हलली.

"कासवाचं काय हुत आसंल ओ साहेब? तिथं बटन दाबायला बी कुनी न्हाई."

"बोलू नकोस. पाणी पी."

आठवडाभर लंगडून तो कामावर आला. मी यातून एवढंच शिकलो: अडकलेल्याला ओढू नये, आणि सुरी दिसायला वाईट असली तरी हाताशी असावी.

फिल्म पुढे पूर्ण झाली. तिच्यात लाटांवर तरंगणारं एक जाळं दिसतं आणि मागे गंभीर संगीत वाजतं. आमच्या जाळ्याला वास फार येत होता, म्हणून ते नगरच्या दुकानातून नवीन आणलं. क्रिकेटच्या सरावाचं आहे.