दगडी भुंग्याच्या पाया पडले तेव्हा

म्युझियममध्ये पहाऱ्याला असलेल्या, सुरिनामच्या एका हिंदुस्तानी बाईंनी मला त्या दिवशी वाचवलं. त्यांचे पूर्वज शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडून त्या डच वसाहतीत मजुरीला नेलेले. आधी त्यांना नमस्कार, मग बाकीचं.

धाकटी बहीण बाळंत झाली म्हणून मी तीन महिन्यांच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला गेले होते. माझी शाळा आठवीतच सुटलेली. इंग्रजी येत नाही, डच तर नाहीच. एका रविवारी बहिणीचे मिस्टर मला आणि सात वर्षांच्या भाचीला म्युझियममध्ये सोडून गाडी लावायला गेले.

आत एका उघड्या चौथऱ्यावर काळ्या दगडाचा, टोपलीएवढा भुंगा. आमच्या गोठ्यामागे शेणाच्या गोळ्या ढकलत नेतो ना, तोच! मला हसू आलं.

"याचं काय एवढं कौतुक गं?"

"मावशी, इजिप्तमध्ये तो गॉड होता! रोज सकाळी सूर्याला ढकलत वर आणायचा. शाळेत सांगितलंय."

मी दचकून वळले, तर पाय चौथऱ्यालाच लागला. देवाला पाय! पटकन वाकले, भुंग्याच्या पाठीला बोटं लावून कपाळाला लावली. आणि कर्कश घंटा वाजायला लागली.

एक उंच पहारेकरी धावत आला, डचमध्ये काहीबाही विचारू लागला. माझे हात जोडलेलेच. पासपोर्ट बहिणीच्या कपाटात. मला पकडून नेलं तर? माझ्यापायी तिच्या नवऱ्याच्या नोकरीवर आलं तर?

"मावशी, पोलीस येणार?" भाची रडवेली झाली.

तेवढ्यात त्या बाई आल्या. माझ्या हातांकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "पैर लग गया था क्या?"

मी मान डोलावली. त्यांनी त्याला पाय, बोटं, कपाळ असं सगळं करून दाखवलं. तो काही हसला नाही. टॉर्च लावून भुंग्याची पाठ तपासत बसला. बाईंनी मला बाकावर बसवलं आणि काचेतले छोटे हिरवे भुंगे दाखवले.

"ये मरे हुए की छाती पर रखते थे. ऊपर न्याय होता है ना, तब दिल उसके खिलाफ ना बोले."

माझं काळीज तर सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं धडधडत होतं.

शेवटी टॉर्च विझला. तो काहीतरी बोलून निघून गेला.

"जाओ, कुछ नहीं हुआ. मेरी आजी भी यही करती," बाई म्हणाल्या. मग हळूच, "हम में से किसी ने भारत नहीं देखा."

तेव्हा मी नुसते हात जोडले. आज लिहून ठेवते. बाई, तुम्ही इकडे भारतात या. विमानतळावर मी उभी असेन, आणि जिथे तुम्हाला कुणाचं बोलणं कळणार नाही, तिथे तुमच्या वतीने मी बोलेन.